गाणं सोडलं तरी गाण्याचे पैसे येत राहिले: बिल विदर्सची गोष्ट

बिल विदर्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, गाणी मात्र कानावरून गेलेली असतात. 'नॉटिंग हिल' पिक्चरमध्ये ह्यू ग्रँट बाजारातून चालत जातो आणि चालता चालता सगळे ऋतू बदलतात, त्या सीनमागे वाजतं ते 'एन्ट नो सनशाइन' याचंच. 'लव्हली डे' याचं. 'जस्ट द टू ऑफ अस', जे गिटार शिकणारी पोरं रील्सवर वाजवत असतात, त्यातला आवाजही याचाच आणि लिहिण्यातही याचा हात. आणि 'लीन ऑन मी' तर अमेरिकेत शाळेच्या कार्यक्रमापासून चर्चपर्यंत कुठेही म्हणतात, इतकं की ते कुणी एका माणसाने बसून लिहिलंय हेच लोक विसरलेत.

आता गंमत बघा, या माणसाचा पहिला अल्बम आला तेव्हा तो 32 वर्षांचा होता आणि शेवटचा आला 1985 मध्ये. मधल्या 14 वर्षांत स्टुडिओ अल्बम सगळे मिळून आठ. मग त्याने गाशा गुंडाळला तो गुंडाळलाच, 2020 मध्ये 81 व्या वर्षी वारला तोपर्यंत नवा अल्बम नाही, 'कमबॅक' वगैरे भानगड नाही. व्यसनात बुडाला होता असं नाही, आवाज गेला होता असं नाही, कर्जबाजारी तर अजिबातच नाही, लॉस एंजेलिसमध्ये बायकोमुलांसोबत मजेत राहत होता. हे जमलं कसं तर गाणी त्याने स्वतः लिहिलेली होती. उत्तर एवढंच आहे, पण त्याच्यामागचा जो हिशोब आहे तो भल्याभल्यांना कळत नाही, खुद्द गायकांनासुद्धा कित्येकदा उशिरा कळतो, म्हणून त्याचं आयुष्य सांगता सांगता तो हिशोबही सांगतो.

जन्म 4 जुलै 1938, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क नावाचं कोळसा खाणीचं गाव. सहा भावंडांत हा शेंडेफळ. आईवडील लहानपणीच वेगळे झाले, मग जवळच्या बेकली गावात आईच्या माहेरच्या लोकांत वाढला. वडील खाणकामगार, तो 13 वर्षांचा असताना गेले. त्यात भर म्हणजे हा तोतरा होता, चारचौघांत तोंड उघडायची चोरी. घरात सगळ्यात जवळची आजी, तिच्यावर पुढे त्याने 'ग्रँडमाज हँड्स' लिहिलं. अख्खं गाणं म्हाताऱ्या बाईच्या हातांवर आहे, चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे हात, पोराला पडताना सावरणारे, मार बसायची वेळ आली की मध्ये पडणारे. सुरुवातीला तो नुसता घशातल्या घशात गुणगुणतो, शब्द नाहीत. ती गुणगुण लक्षात ठेवा, 25 वर्षांनी तिचे पैसे झाले.

खाणीत जायचं नव्हतं म्हणून 17 व्या वर्षी नेव्हीत गेला आणि नऊ वर्षं काढली. तिथेच हळूहळू बोलणं सुटलं, गाण्यात रस तिथेच आला. पण या काळात कुठेही 'मी गायक होणार' असं वेड घेतलेलं दिसत नाही आणि मला हे फार आवडतं, कारण मोठ्या गायकांच्या गोष्टीत पोरगं पाळण्यातच सुरात रडलेलं असतं. याचं तसं काही नाही. त्याने स्वतः सांगितलेला किस्सा असा की ओकलंडच्या एका क्लबमध्ये लू रॉल्स या गायकाचा कार्यक्रम होता, रॉल्स यायला उशीर झाला, तर मॅनेजर कुरकुरत होता की याला आठवड्याला दोन हजार डॉलर देतोय आणि हा वेळेवर येत नाही. विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत होते. तेवढ्यात रॉल्स आला आणि सगळ्या बायका त्याच्याभोवती. विदर्स तिथून निघाला तो सरळ सेकंडहँड मालाच्या दुकानातून गिटार घेऊन आला आणि आपलं आपण शिकला.

1967 मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा कारखान्यात काम, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बोइंग 747 साठी संडास बनवायचं. विनोद नाही हा, वेबर एअरक्राफ्ट कंपनीत विमानातली टॉयलेट जोडायची नोकरी होती. पगारातून पैसे साठवून स्टुडिओचं भाडं भरायचं, डेमो टेप करायची, कंपन्यांच्या दारात नेऊन द्यायची, नकार घ्यायचा, परत शिफ्टला.

इथे थोडं थांबून सोल म्हणजे काय ते बघू, नाहीतर विदर्स वेगळा का वाटला ते कळणार नाही. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जे गातात ते गॉस्पेल, त्यात एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, टाळ्या, हाका, आवाज फाटेपर्यंत गाणं. दुसरीकडे ब्लूज, म्हणजे प्रेमभंग, दारू, पोटापाण्याची रडगाणी. पन्नाशीच्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांनी गॉस्पेलची ती पद्धत उचलली आणि देवाच्या जागी प्रेयसी आणून ठेवली. चर्चवाले भडकले, पोरं नाचायला लागली, आणि त्या मिश्रणाला पुढे सोल म्हणायला लागले. साठच्या दशकात याचे दोन मोठे अड्डे झाले, डेट्रॉइटमध्ये मोटाउन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी, एकेकाळी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता, आणि त्याने गाण्याचा कारभारही तसाच बसवला. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, कपडे आणि हातवारे शिकवणारेसुद्धा वेगळे. गायकाने यायचं, समोर ठेवलेलं गायचं, जायचं.

आणि हा बाबा? स्टुलावर बसून गिटार घेऊन हळू आवाजात गाणारा, ओरडत नाही, गुडघ्यावर बसत नाही, घाम पुसत नाही. वर गाणी स्वतःची.

1970 मध्ये त्याची टेप क्लॅरन्स अव्हांट या काळ्या उद्योजकाकडे पोचली, त्याची ससेक्स रेकॉर्ड्स नावाची छोटी कंपनी होती. अव्हांटने त्याला घेतलं आणि प्रोड्यूसर म्हणून आणला स्टॅक्सचा बुकर टी. जोन्स. बुकर टी. सांगतो की रेकॉर्डिंगच्या दिवशी विदर्स वही घेऊन आला आणि त्याने हळूच विचारलं, ही गाणी गाणार कोण आहे? बुकर टी. म्हणाला, तू. म्हणजे कराराच्या कागदावर सही झाली, स्टुडिओ लागला, स्टॅक्सचे वादक बसलेत, गिटारवर स्टीव्हन स्टिल्ससारखा स्टार आहे, आणि या माणसाच्या मनात अजून शंका की आपण फक्त गाणी द्यायला आलोय. मला वाटतं त्याच्या सगळ्या करिअरची किल्ली त्या प्रश्नात आहे, तो स्वतःला आधी लिहिणारा समजत होता.

ससेक्सकडे पैशाची इतकी ओढाताण की तीन बैठकांत अल्बम उरकला आणि शेवटच्या दोन बैठकांमध्ये सहा महिन्यांचा खाडा. 'एन्ट नो सनशाइन' मध्ये एक जागा आहे जिथे तो 'आय नो, आय नो' असं म्हणत सुटतो. तिथे खरं तर शब्द यायचे होते, त्याने कडवं लिहिलंच नव्हतं, म्हणून जागा भरायला ते दोन शब्द घोळवले. बाकीचे म्हणाले असंच राहू दे. हा कारखान्यातला नवखा, समोर सगळे मुरलेले, म्हणून त्याने ऐकलं. मोजून 26 वेळा म्हणतो. परत ऐका, ड्रम सोडून सगळं थांबतं, आणि एकच वाक्य रेटत रेटत माणूस स्वतःलाच काहीतरी पटवतोय पण पटत नाहीये असं होतं. अख्खं गाणं जेमतेम दोन मिनिटांचं, त्यातला एवढा मोठा तुकडा दोन शब्दांवर काढलाय. कुठल्याही मास्तरने लाल पेनने गोल केला असता.

अल्बमच्या कव्हरवर तो कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा आहे, हातात जेवणाचा डबा. जेवणाच्या सुट्टीत काढलेला फोटो आहे तो, कारण नोकरी सोडलेलीच नव्हती. कंपनीने सिंगल काढली तेव्हा पुढच्या बाजूला 'हार्लेम' नावाचं गाणं ठेवलं आणि 'सनशाइन' मागच्या बाजूला, रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून मागचंच लावायला सुरुवात केली. गाणं अमेरिकेत तिसऱ्या नंबरवर गेलं. तरी हा नोकरी सोडेना, म्हणे या धंद्याचा काही भरवसा नाही. मध्येच कारखान्यातून ले-ऑफ झाला, आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे एकाच दिवशी दोन पत्रं आली, एक 'कामावर परत या' म्हणून आणि दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही शोचं बोलावणं. तेव्हा कुठे नोकरी सुटली. गाणं गोल्ड झाल्यावर कंपनीने त्याला काय दिलं असेल तर सोनेरी टॉयलेट सीट. 1972 मध्ये या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

त्याच वर्षी दुसरा अल्बम, 'स्टिल बिल', आणि त्यात 'लीन ऑन मी'. त्याने नवीन वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो घेतला होता, वाजवता काही येत नव्हतं, म्हणून बोटं आहेत तशीच ठेवून पांढऱ्या पट्ट्यांवर नुसती पुढेमागे सरकवत होता. हार्मोनियम असेल घरात तर करून बघा, सा वरून रे ग म असं चढायचं आणि म ग रे सा असं उतरायचं, झालं, चाल हाताशी आली. पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला जमेल अशी. शब्दही तसेच, खाणीच्या गावात शेजारी शेजाऱ्याच्या मदतीला कसा धावून जायचा त्यावरचे, एकही उपमा नाही. लॉस एंजेलिसच्या झगमगाटात बसून त्याला बेकलीची आठवण येत होती. गाणं जुलै 1972 मध्ये एक नंबरवर गेलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. मागोमाग 'यूज मी' दोन नंबरवर. 6 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला त्याचंही लाइव्ह रेकॉर्डिंग निघालं, त्यात व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेल्या पोराचं एक गाणं आहे, उजवाच गेल्यामुळे ज्याला आता पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागतं. त्याचं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं मला विचाराल तर मी हा लाइव्ह अल्बम सांगेन.

आता हिशोब. कुठलंही रेकॉर्ड केलेलं गाणं म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, जे वहीत लिहिता येतं. दुसरी, मास्टर, म्हणजे त्या गाण्याचं एक विशिष्ट रेकॉर्डिंग. जमीन आणि पीक समजा. सातबारा लिहिणाऱ्याच्या नावावर असतो, त्या जमिनीत एका वर्षी एकाने ज्वारी काढली, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने ऊस लावला, पीक ज्याने काढलं त्याचं, पण जमिनीचा खंड दर वेळी मालकाला द्यावाच लागतो. गाण्यात पीक बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचं असतं, कारण स्टुडिओचा खर्च तिने केलेला असतो. गायकाला त्यातला थोडा टक्का, तोही खर्च वळता करून घेतल्यावर, म्हणजे कित्येकदा शून्य.

लिहिणाऱ्याचं मात्र तसं नाही. अमेरिकेत 1909 च्या कायद्याने ठरवून दिलं होतं की विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट, आणि हा दर 1978 पर्यंत तसाच होता. दोन सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण दहा लाख तबकड्या गेल्या की एका गाण्याचे वीस हजार डॉलर. आणि तबकडीला दोन बाजू असतात, मागच्या बाजूच्या गाण्याला दर तोच. त्या पहिल्या सिंगलच्या दोन्ही बाजू विदर्सने लिहिलेल्या होत्या, म्हणजे लोकांनी कुठलीही बाजू वाजवली तरी लिहिणाऱ्याचं नाव एकच.

रेडिओचं तर अजून अजब आहे. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं लागलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला एक दमडीसुद्धा नाही. आजही. उदाहरण म्हणून 'रिस्पेक्ट' घ्या, ज्या गाण्याने अरिथा फ्रँकलिन घराघरात पोचली. ते लिहिलेलं ओटिस रेडिंगचं. म्हणजे पन्नास वर्षं रेडिओवर आवाज अरिथाचा घुमला आणि रेडिओचे पैसे ओटिसच्या खात्याला गेले.

आणि तिसरी गोष्ट पब्लिशिंग. लिहिणाऱ्याच्या उत्पन्नाचे साधारण दोन वाटे पडतात, अर्धा लिहिणाऱ्याचा आणि अर्धा पब्लिशरचा, म्हणजे जो वसुली करतो, लायसन्स देतो, हिशोब ठेवतो. जुन्या काळात कितीतरी काळ्या कलावंतांनी नवी गाडी आणि थोडी रोकड बघून हे हक्क लिहून दिले. सॅम कुकच्या हे लवकर लक्षात आलं, त्याने स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली. विदर्सने 1976 मध्ये मार्शा जॉन्सनशी लग्न केलं (त्याआधी अभिनेत्री डनीस निकोलसशी झालेलं लग्न फार टिकलं नाही) आणि पुढे मार्शानेच त्याच्या पब्लिशिंग कंपन्यांचा कारभार हातात घेतला, मुलं मोठी झाल्यावर तीही त्यात आली. 

हे सगळं वाचून वाटेल की फार धूर्त माणूस, आधीपासून ठरवून चालला. तसं नाही, त्याचेही हात पोळले. ससेक्सशी पैशावरून वाजलं, तो म्हणायचा की मला माझे पैसे देत नाहीत, आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे रागाच्या भरात त्याने रेकॉर्ड केलेला एक पूर्ण अल्बम पुसून टाकला. काय होतं त्यात देव जाणे. 1975 मध्ये ससेक्स बुडाली, विदर्स कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, आणि ससेक्सचे मास्टरही शेवटी कोलंबियाकडेच आले. म्हणजे पीक हातोहात फिरलं, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कोलंबियात सुरुवात बरी झाली. 1977 चं 'लव्हली डे', स्किप स्कारबरोसोबत लिहिलेलं, त्यात शेवटी शेवटी एकच सूर तो 18 सेकंद धरून ठेवतो. ते ऐकताना आपलाच श्वास अडकतो आणि तो मात्र आरामात, जसं काही बसची वाट बघतोय. पण नंतर कंपनीतल्या लोकांशी खटके उडायला लागले. नवीन गाणी नेली की हे नको, यात ट्रम्पेट घाला, हे काळं वाटत नाही, ते फार काळं वाटतं. काळ्यांचं संगीत काय असतं ते शिकवायला बसलेल्या या गोऱ्या तज्ज्ञांना तो 'ब्लॅक्सपर्ट' म्हणायचा. एकाने तर सुचवलं की एल्विस प्रेस्लीचं 'इन द घेटो' तू गा. यात अपमान किती आणि अडाणीपणा किती ते ज्याचं त्याने ठरवावं, खाणीच्या गावातून आलेल्या काळ्या माणसाला गरिबीवर गाणं हवं म्हणून गोऱ्या स्टारचं गाणं उसनं घ्यायला सांगताय. आणि आता तुम्हाला हिशोब कळलाय तर दुसरा अर्थही दिसेल, दुसऱ्याचं गाणं गायचं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राबायचं. रेडिओचा पैसा मॅक डेव्हिसला जाणार, कारण ते गाणं त्याचं. ज्याची सगळी कमाई लिहिण्यावर उभी आहे त्याला हे सांगणं म्हणजे फुकट मजुरी कर म्हणण्यासारखंच.

1978 नंतर सात वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम आला नाही. त्या काळात कोलंबियाने 'द ए-टीम' मालिकेतल्या मिस्टर टी चा अल्बम काढला, यावर तो नंतर कित्येक वर्षं जळफळायचा आणि त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. पण मधल्या काळात एक वेगळंच झालं. सॅक्सोफोनवाला ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर दुसऱ्या कंपनीसाठी अल्बम करत होता, राल्फ मॅक्डोनाल्ड आणि बिल सॉल्टर यांनी 'जस्ट द टू ऑफ अस' लिहिलं होतं आणि गायला विदर्सला बोलावलं. विदर्स म्हणाला गातो, पण शब्दांच्या बाबतीत मी जरा नखरेल आहे, मला थोडे सजवू द्या. त्यांनी दिले, आणि लिहिणाऱ्यांत याचं तिसरं नाव लागलं. साधा पाहुणा गायक म्हणून आला असता तर काय मिळालं असतं आणि ते थोडे शब्द बदलून काय मिळालं, याचा विचार करा. 1981 मध्ये गाणं दोन नंबरवर, पुढच्या वर्षी ग्रॅमी, आणि आज चाळीस वर्षांनीही सतत कुठे ना कुठे चालूच.

1985 चा 'वॉचिंग यू वॉचिंग मी' फार चालला नाही. त्यानंतर त्याने ठरवलं, बास. मोठी घोषणा नाही, निरोपाची टूर नाही, नवीन करार केलाच नाही, संपलं.

आणि मग गाणी एकटीच कामाला लागली. अमेरिकन कायद्यात असं आहे की गाणं एकदा बाजारात आलं की कुणीही त्याचं नवं रेकॉर्डिंग करू शकतो, परवानगी लागत नाही, ठरलेला दर भरायचा. 1987 मध्ये क्लब नुवो नावाच्या ग्रुपने 'लीन ऑन मी' नाचायच्या ठेक्यावर केलं आणि ते परत एक नंबरवर गेलं, वर त्याचं ग्रॅमी पुढच्या वर्षी विदर्सला, कारण पुरस्कार गाण्याच्या लेखनाचा होता. खरं तर गाणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने हयातीत जिंकलेली तिन्ही ग्रॅमी 'बेस्ट आर अँड बी साँग' ची आहेत (आर अँड बी म्हणजे सोलच्याच घराण्यातलं संगीत), म्हणजे तिन्ही लिहिल्याबद्दल!

सॅम्पलचं वेगळं असतं. सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा जसाच्या तसा कापून नव्या गाण्यात लावायचा. तिथे जमीन आणि पीक दोन्हींच्या मालकांची परवानगी लागते आणि दर कायदा ठरवत नाही, मालक सांगेल तो. 1996 मध्ये ब्लॅकस्ट्रीटने 'नो डिगिटी' केलं, त्याच्या सुरुवातीला जी गुणगुण येते ती आजीच्या गाण्यातली. ते एक नंबरवर गेलं आणि लिहिणाऱ्यांच्या यादीत विदर्सचं नाव आलं, काही न करता. दोन वर्षांनी विल स्मिथने 'जस्ट द टू ऑफ अस' स्वतःच्या मुलावर रॅप करून काढलं, परत तेच. सिनेमात किंवा जाहिरातीत वाजवायचं असेल तर त्याचंही लायसन्स वेगळं. असं सगळीकडून येत राहतं.

हा वाद आपल्याकडेही झालाय आणि तोही मोठ्या माणसांत. साठच्या दशकात लता मंगेशकरांचं म्हणणं होतं की पार्श्वगायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, मोहम्मद रफींचं म्हणणं, गायल्याचे पैसे घेतले की विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं. आपल्या सिनेमात तर गीतकार-संगीतकारसुद्धा सगळे हक्क निर्मात्याला देऊन मोकळे व्हायचे, ते चित्र बदलायला 2012 ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती यावी लागली, ज्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. आता लिहिणाऱ्याने कागदावर काहीही सही केली तरी त्याच्या रॉयल्टीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. विदर्ससारखा लिहिणारा-गाणारा आपल्या सिनेमात झाला असता तर 2012 आधी त्याला 47 व्या वर्षी घरी बसणं परवडलं असतं का, मला तर शंका आहे.

घरी बसून तो पूर्ण गप्प होता असंही नाही. 2004 मध्ये जिमी बफेट या गायकाच्या एका कंट्री अल्बमसाठी दोन गाणी लिहून दिली. 2009 मध्ये त्याच्यावर 'स्टिल बिल' नावाची डॉक्युमेंटरी आली, त्यात तो तोतऱ्या मुलांच्या एका संस्थेत जातो तो भाग शोधून बघा, पोरांशी बोलताना कुठेही उपदेशाचा आव नाही, आपल्यातलाच एक असा बोलतो. 2015 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, स्टीव्ही वंडरने त्याची ओळख करून दिली आणि 'एन्ट नो सनशाइन' गायला. सगळ्यांना वाटलं आता तरी हा गाईल. 'लीन ऑन मी' च्या वेळी स्टेजवर आला, बसला, जॉन लेजंड गायला, याने अधूनमधून ओळ धरली तेवढंच. लोकांनी नंतर विचारलं परत का गात नाही, तर ज्याला पैशासाठी गायची गरज नाही आणि टाळ्यांचीही फार हौस नाही त्याला काय उत्तर असणार.

30 मार्च 2020 ला हृदयाच्या त्रासाने गेला, बातमी बाहेर आली तीन एप्रिलला, जग नुकतंच कुलूपबंद झालेलं आणि नेमकं तेव्हाच ठिकठिकाणी लोक एकमेकांना धीर द्यायला 'लीन ऑन मी' म्हणत होते.  अमेरिकेत त्या काळातल्या गाण्यांना प्रकाशनापासून 95 वर्षं संरक्षण आहे, म्हणजे 1971 चं 'एन्ट नो सनशाइन' 2066 च्या डिसेंबरअखेरपर्यंत आणि 'लीन ऑन मी' त्याच्या पुढच्या वर्षीपर्यंत. तोवर कुणीही ते 26 'आय नो' म्हटले की खंड भरायचाच.